मशीनमावशीचा एका कानाचा हेडसेट

आमच्या धाकट्या जावेला फोनवर बोलताना पाहिलं की नव्या माणसाला वाटायचं, या बाईचं डोकं घाईघाईत बसवलंय आणि शेवटचा स्क्रू आवळायचा राहून गेलाय. डोकं पार उजव्या खांद्यावर कलंडलेलं, खांदा कानापर्यंत चढलेला, मधल्या चिमट्यात फोनचा रिसीव्हर आणि दोन्ही हात समोर उघडलेल्या शिलाई मशीनच्या पोटात. त्याच अवस्थेत हुकूम सुटायचे. "चाक तुझ्याकडे फिरव. तुझ्याकडे म्हणजे तुझ्याकडे, भिंतीकडे नाही!"

गल्लीत तिला सगळे मशीनमावशी म्हणतात. मी घरातली थोरली, म्हणून मी तिला धाकटी म्हणते. ती मला ताई म्हणते, पण अशा सुरात म्हणते की थोरली कोण ते ऐकणाऱ्याला कळू नये. आम्ही एकाच घरात राहतो, मी खाली आणि ती वर. तिच्या खोलीतलं मशीन चालू झालं की माझ्या कपाटावरची भांडी बारीक थरथरतात. ती थरथरली नाहीत तर मी वर जाऊन बघते, बरं आहे ना म्हणून.

एक आधीच सांगून ठेवते. मशीनमावशीला शिवता येत नाही. नवखी माणसं कापड घेऊन जिना चढतात आणि तिची बोलणी खाऊन उतरतात. "शिवणाऱ्या जागोजाग आहेत," ती म्हणते. "त्यांची मशीनं बंद पडली की त्या मला विचारतात. मीच शिवत बसले तर त्यांनी कुणाला विचारायचं?" साधं बटण तुटलं तरी कपडा खाली माझ्याकडे येतो.

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिच्या पेटीत कपड्यांच्या घड्यांखाली दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि लांब चोचीची तेलाची कुपी निघाली. सासूबाईंनी कुपीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "ही सून आणलीय की मिस्त्री?" सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दोन्ही असेल तर आपलाच फायदा." तेव्हापासून सासऱ्यांना चहा पहिला मिळायचा.

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती धागे कातरायच्या कामावर होती. तिथे मशीन बिघडलं की मिस्त्रीची वाट बघायची आणि मिस्त्री आपल्या मर्जीने यायचा. त्याला आत उजेड पाडायला कुणीतरी दिवा धरून उभं राहायला लागे. ते काम हिच्या गळ्यात पडलं. हिने दिवा धरला आणि दिव्याबरोबर डोळेही आत घातले. मग एकदा मिस्त्री आलाच नाही, बायका हातावर हात ठेवून बसल्या, तेव्हा हिने स्वतःच मशीन उघडलं. सुपरवायझर धावत आला. "कुणाला विचारून उघडलंस?"

"मशीनला," ही म्हणाली. मशीन चालू झालं होतं, म्हणून ते बोलणं खपून गेलं. पुढे तीच तिथली मिस्त्री झाली.

माझे धाकटे दीर शांत स्वभावाचे. घरात पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हा ते मशीनच्या रिकाम्या पेटीवर बसून चहा प्यायचे आणि हिच्या गोष्टी ऐकायचे. ते गेले. कारखानाही बंद झाला. मग ही पिशवी खांद्याला लावून घरोघर जाऊ लागली. जिने चढून चढून गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा लोकांनी हिला फोन करायला सुरुवात केली, आणि तिथून तिच्या कामाची ही रीत सुरू झाली.

ती रीत अशी. पलीकडून बाई म्हणते, "मावशी, मशीन कसंतरीच वाजतंय." आता कसंतरीच म्हणजे कसं, हे शब्दांत कोण सांगणार? म्हणून ही म्हणते, "फोन मशीनपाशी धर आणि चालव." ऐकते. मग आपलं मशीन चालवते आणि म्हणते, "हे ऐक. असं वाजायला पाहिजे. आता इथला स्क्रू थोडा आवळ आणि परत चालव." एकदा तिचं, एकदा हिचं. मध्येच ही आपलं मशीन मुद्दाम बिघडवून दाखवते, म्हणजे पलीकडची ओळखते, "हां हां, अगदी असंच!" मग दोघी मिळून ते दुरुस्त करतात. दोन्ही मशीनं सारखी वाजायला लागली की काम झालं. दूरदूरच्या बायकांची मशीनं हिने न बघता चालू केलीत.

ते सगळं घरच्या जुन्या, वायरीच्या फोनवर. मोबाइलवर मशीन उशीखाली दाबल्यासारखं वाजतं, असं ती म्हणते. आणि स्पीकर लावला की एकीकडचा आवाज येतो तेव्हा दुसरीकडचा तुटतो. म्हणून रिसीव्हर मानेत.

तर ती मान एक दिवस बोलली.

उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. बॉबिन म्हणजे केवढीशी वस्तू, ती हातातून निसटायची. हिने आधी बॉबिनला दोष दिला, मग तेलकट बोटांना, मग मला. "ताई, तुम्ही काहीतरी घसरडं पुसलंय इथे." शेवटी तिची लेक येऊन तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. मानेत नस दबते, असं निघालं. फोन मानेत धरणं बंद, नाहीतर हाताची पकड जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

लेक दुसऱ्या गावात नोकरीला असते. बोलण्यात आईचीच. घरी येऊन पर्स खाली ठेवण्याआधी म्हणाली, "आई, पुष्कळ झालं. फोन काढून टाकू आणि तू माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे येऊन काय करू?"

"आराम."

"आणि संध्याकाळी काय करू?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "मोठी आई, तू तरी सांग हिला."

मी म्हटलं, "मी सांगून ही ऐकत असती तर हिची मान सरळ असती."

बरीच बोलाचाली झाली. अखेर लेकीनेच एक पाऊल मागे घेतलं. ती स्वतः ऑफिसात दिवसभर हेडसेट लावून बोलते. डोक्यावर पट्टी, कानाला गादी, तोंडापुढे काडीला लावलेला माइक, दोन्ही हात मोकळे. ती म्हणाली, "घरच्या फोनलाही लागतो तसला. मी आणून देते. तो लावून काम जमलं तर खुशाल कर. पण नाही जमलं आणि रिसीव्हर परत मानेत गेला, तर मी स्वतः येऊन फोन बंद करणार. मग रडायचं नाही."

"कबूल," ही म्हणाली. "मी कधी रडलेय? मशीनं रडतात."

लेकीने आणलेला हेडसेट बघण्यासारखा होता. दोन्ही कानांना मऊ मऊ गाद्या. त्याची वायर एका छोट्या डबीत जायची आणि डबीची वायर फोनमध्ये, रिसीव्हरची गुंडाळी वायर जिथे खुपसतात त्या भोकात. फोन आला की रिसीव्हर उचलून नुसता बाजूला आडवा ठेवायचा आणि बोलायचं. लेकीने सगळं जोडून दिलं आणि जाताना कौतुकाने म्हणाली, "सगळ्यात चांगला आणलाय. आजूबाजूचा गोंगाट पलीकडे जातच नाही. नुसता तुझा आवाज."

आम्ही दोघींनी माना डोलावल्या. गोंगाट कुणाला हवा असतो?

हेडसेट लावून ही खुर्चीत बसली की विमान उडवायला निघाल्यासारखी दिसायची. मान सरळ, पाठ सरळ, तोऱ्यात बोलणं. मला वर बोलावून बोलावून दाखवायची. "बघा ताई, दोन्ही हात!" जसे काही हात नवीन आले होते.

मग हळूहळू तक्रार सुरू झाली. एक बाई म्हणाली, "मावशी, तुमचंच मशीन अडखळतंय की." हिने तिला झाडलं. मग दुसरी म्हणाली. तिला कमी झाडलं. तिसरी म्हणाली, "मावशी, तुमचं मशीन बंद पडलं का? काहीच ऐकू येईना." त्या दिवशी मी वर गेले तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर तिच्या मशीनची हाडं न्‌ हाडं मांडलेली. पट्टा नवीन घातला होता. शटल घासून पुसून चकचकीत केलं होतं. ज्या मशीनला तिच्या हयातीत कधी काही झालं नाही, ते तिने परक्या बायकांच्या सांगण्यावरून सोलून ठेवलं होतं.

"सापडलं का काही?" मी विचारलं.

"काही नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ताई, मला तर ते बरोबर वाजलेलं वाटतं. पण त्या सगळ्या खोटं कशाला बोलतील? माझाच कान गेला असेल का हो?"

इतक्या वर्षांत तिने मला कधी स्वतःविषयी प्रश्न विचारला नव्हता. मी चहा टाकला.

चहा होतो न होतो तोच फोन वाजला. आमच्या ओळखीची टेलरबाई. ती शाळांचे गणवेश शिवते, शाळा उघडायला आल्या होत्या, आणि तिच्या मशीनचं काम आदल्या दिवशी हिने फोनवरच केलं होतं. तिचा आवाज गाद्यांतून बाहेर मलाही ऐकू येत होता.

"मावशी, जमलं! सकाळपासून खटपट केली आणि आता माझं मशीन अगदी तुमच्यासारखं वाजतंय. ऐका!"

हिने ऐकलं. हिचा चेहरा पडत पडत हनुवटीपर्यंत आला. "हे माझ्यासारखं?"

"हुबेहूब. टक टक, मग गप्प, मग टक. पट्टा सैल केला तेव्हा जुळलं. फक्त टाके सुटायला लागलेत. आता पुढचं सांगा, बायका कापड घेऊन दारात उभ्या आहेत."

म्हणजे त्या बाईने चांगलं चालणारं मशीन ऐकलेल्या आवाजाबरहुकूम बिघडवून ठेवलं होतं. कष्ट घेऊन, मन लावून.

"थोड्या वेळाने फोन करते," एवढंच ही बोलली आणि हेडसेट काढून मांडीवर ठेवला. मग तिने तो बाजूला सारला आणि तिचा हात रिसीव्हरकडे गेला. मी तो हात धरला. तो रिसीव्हर मानेत गेला असता तर टेलरबाईचं मशीन चालू झालं असतं आणि हिचं सगळं बंद.

मला चिडच आली, आणि चिडता चिडता एक आठवलं. खाली माझ्याकडेही जुना फोन आहे. मी म्हटलं, "तू मशीन जोड. हेडसेट घाल. मी खालून तुला फोन करते. बघू तुझा कान गेलाय की आणखी काय."

खाली जाऊन फोन लावला. तिचा आवाज असा आला की जणू माझ्या कानातच बसलीय. "बोला ताई." मी म्हटलं, "मी नाही, तूही नको बोलूस. नुसतं मशीन चालव." आणि थांबले. कपाटावरची भांडी थरथरायला लागली, म्हणजे वर मशीन जोरात चालू होतं. फोनमध्ये मात्र शांत, अगदी वाळवंट. "आता बोलत बोलत चालव," मी म्हटलं. ती बोलायला लागली, आणि तिच्या शब्दांच्या मागून मशीनचे तुकडे आले. ती थांबली की मशीन कापलं जायचं, ती बोलली की परत एखादा टाका. टक टक, गप्प, टक.

जिना चढताना माझी धाप लागली, पण मी दारातूनच सांगितलं, "कान शाबूत आहे. हा तुझा विमानातला टोप मशीनला गोंगाट समजतोय. वेचून वेचून फेकून देतोय."

तिने हेडसेट उचलून त्याच्याशीच भांडण काढलं. "माझ्या मशीनला गोंगाट म्हणतोस? तुझ्या जन्माआधीपासून चालतंय ते!" आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, मोबाइलला मी नावं ठेवली आणि त्याचाच भाऊ डोक्यावर घेऊन बसले की हो." तेव्हा मला कळलं, बाई ठीक आहे.

लेकीला फोन केला. तीही बिचारी चुकचुकली. "माझ्या ध्यानातच आलं नाही गं आई. आता चांगले म्हणून मिळतात ते सगळे असेच आवाज गाळणारे असतात. दुकानात विचार, पण..." त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं.

"पण काय ते मी दुकानात जाऊन बघते," ही म्हणाली.

फोनची दुरुस्ती आणि सुटे भाग विकणारं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. अरुंद, लांबच लांब, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खणांचे कप्पे. दुकान एक तरुण बाई चालवते. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं तुटक पण नीट. आम्ही आत शिरलो ते लाकडी पेटीतलं हाताने फिरवायचं छोटं मशीन घेऊन. पेटीची एक कडी हिच्या डाव्या हातात, एक माझ्या.

दुकानवाली म्हणाली, "आजी, इथे शिलाई मशीन दुरुस्त होत नाही."

"माहीत आहे. ते मीच करते. आणि आजी ह्या." तिने माझ्याकडे बोट केलं. "मला हेडसेट हवाय, घरच्या फोनचा. पण हे मशीन ज्याला ऐकू जाईल असा."

दुकानवालीने केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली. आम्ही सगळी हकीकत सांगितली. ती हसली नाही, त्याबद्दल मी तिला मनात मार्क दिले. तिने काउंटरवर एकेक खोका काढून ठेवायला सुरुवात केली.

आधी बिनवायरचा दाखवला. घरभर हिंडता येतं म्हणाली. "मला हिंडायचं नाही, मशीन कुठे हिंडतं?" ही म्हणाली. "चार्जिंग संपलं तर पलीकडे बाईचं मशीन अर्धं उघडं पडेल." तो खोका परत गेला. मग दोन कानांचे आले. "एकाच कानाचा दाखव. दुसरा कान मला माझ्या मशीनला लागतो. मागच्या वेळी दोन्ही कान बुजवून बसले, म्हणून त्या म्हणतील ते खरं धरलं." हे ती इतक्या सहज बोलली की मीच चमकले.

उरले एका कानाचे. दुकानवाली म्हणाली, "हॅलो हॅलो करून बघा."

"हॅलोने काय कळणार? हॅलो तर सगळेच पोचवतात." हिने पेटीचं झाकण काढलं आणि काउंटरवरच मशीन मांडलं. "त्या फोनवरून मला एक नंबर लावून दे. टेलरबाईचं काम खोळंबलंय. ज्या हेडसेटने तिचं मशीन चालू होईल, तो माझा."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाने घड्याळ बघितलं, पण मशीन बघून तोही थांबला.

पहिला हेडसेट. ही चाक फिरवत होती. तिने ऐकलं आणि मान हलवली. "ती म्हणते, मावशी लाइन कट झाली का." दुसरा. थोडा वेळ ऐकून, "कुणीतरी लांब दारावर टकटक करतंय म्हणते." तिसरा तर बोलणंसुद्धा चाळणीतून गाळल्यासारखं देत होता. टेलरबाई पलीकडे चिडली असावी, कारण ही म्हणाली, "अगं, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं! चहा पी तोवर!"

काउंटरवरचे खोके संपले. हिने उजवा हात मशीनच्या चाकावरून काढला आणि दुसऱ्या हाताने बोटं चोळली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. काही बोलले असते तर ते धीर दिल्यासारखं झालं असतं, आणि तिला धीर दिलेला आवडत नाही.

दुकानवाली पेन्सिल दातांत धरून मशीनकडे बघत होती. मग ती स्टुलावर चढली. वरच्या खणातून तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक हेडसेट काढला. काळा, जाडजूड, दिसायला अगदीच ओबडधोबड. "जुन्या पद्धतीचा आहे," ती म्हणाली. "फोनवरून ऑर्डरी घेणारी ऑफिसं हे वापरायची. तिथून परत आले, कारण शेजारच्याचं बोलणंही पलीकडे जायचं. ह्यात काही निवडानिवड नाही. जे ऐकेल ते पाठवतो."

"म्हणजे चहाडखोर आहे," मी म्हटलं.

"मग मला चहाडखोरच हवाय," ही म्हणाली.

त्याची माइकची काडी चांगली लांब होती आणि वर-खाली फिरायची. दुकानवालीने ती तोंडापुढे न ठेवता हनुवटीखाली, मशीनच्या दिशेने वळवली. नवीन स्पंज चढवला. वायर समोरून सोडली तर चाकात जाईल आणि कानासकट ओढेल, हे तिच्या आधीच लक्षात आलं. तिने ती मानेमागून घेऊन पाठीवर चिमट्याने अडकवली. नंबर परत लावला.

हिने चाक फिरवलं. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, दुकानात पंखा घरघरत होता. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. मी तिचा चेहरा बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग एक गाल हलला.

"काय म्हणते?" दुकानवालीने विचारलं.

"म्हणते, मावशी, तुमचं मशीन माझ्या मांडीवर आलंय. आणि हॉर्न कसला वाजतोय विचारते." मग काडीकडे तोंड करून, "हॉर्नकडे लक्ष देऊ नकोस, तो आपला नाही. मशीन ऐक. ऐकलंस? कुठे थांबतंय का? नाही ना? मग तुझं का थांबतं? पट्टा आवळ आधी. काल सांगितलं ते सगळं विसर. सुईला हात लावलास का? खरं सांग."

पलीकडून कबुली आली.

"आवाज जुळेना म्हणून खाली ओढलीस? शाबास! मग टाके सुटणार नाहीत तर काय करतील? स्क्रू सैल कर, सुई वरपर्यंत चढव, टेकेपर्यंत. टेकली? आवळ. आता हाताने एक फेरा. हळू. आता पायाने."

ती ऐकायला लागली. चाकावर तिचा हात तयार होता, पण तिने ते फिरवलं नाही. घड्याळ बघणारं गिऱ्हाईक घड्याळ विसरलं होतं. मग ती सावकाश चाक फिरवायला लागली, आणि मला कळलं की पलीकडच्या लयीत ती आपलं मशीन चालवतेय. थोडा वेळ तिने तसंच चालवलं. गरज नव्हती. नुसतं चालवलं.

"हे माझ्यासारखं," ती फोनमध्ये म्हणाली. "आता शिव. पोरं उघडी जातील शाळेत."

हेडसेट काढायला दुकानवालीने हात पुढे केला तर ही म्हणाली, "राहू दे, असाच नेते." त्याची वायर पाठीवर लोंबकळत, डोक्यावर तो टोप घेऊन ती भर बाजारातून घरी आली. लोक बघत होते. तिला त्याचं काय, तिला मशीनची पेटी सांभाळायची होती. पेटीची दुसरी कडी माझ्या हातात होती आणि तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त.

नवा हेडसेट सगळं ऐकवतो, हे खरंच. खाली मी कुणावर ओरडले तर टेलरबाईला कळतं. दुधवाल्याची हाक, दारावरची थाप, हिचा खोकला, सगळं पलीकडे जातं. बायका विचारतात, "मावशी, आज तुमच्या ताई रागात आहेत का?" मी आता जिन्यात जरा बेतानेच बोलते.

रिसीव्हर परत मानेत गेला नाही ना, ते बघायला काही दिवसांनी लेक आली. तिने आधी खाली माझ्याकडे डोकावून विचारलं, "कसं काय?" मी म्हटलं, "वर जाऊन बघ. मी साक्ष देणार नाही, मी एका पक्षाची आहे." आणि तिच्या मागोमाग चढले.

ही कुणाशी तरी बोलत होती. रिसीव्हर बाजूला आडवा ठेवलेला. मान ताठ. लेकीला बघून तिने तळहात वर केला, थांब म्हणून. लेक मशीनच्या रिकाम्या पेटीवर बसली. बराच वेळ बसली. आईने काडी खाली वळवून मशीन ऐकवलं, काडी वर वळवून रागावली, परत मशीन ऐकवलं. काम झालं तसं तिने हेडसेट गळ्यात ओढला.

लेकीने आईचा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबायला लागली. "इथे मुंग्या? इथे?"

"सकाळी येतात थोड्या. मग जातात."

"खरं?"

"बोटं माझी आहेत, खोटं कशाला सांगू? आता दुखतंय ते तू दाबतेस म्हणून."

लेक बोटं दाबतच राहिली. तेवढ्यात फोन वाजला. आईचा एक हात लेकीच्या हातात आणि दुसरा तेलाने माखलेला. ती लेकीकडे बघायला लागली. मीही बघायला लागले.

लेकीने उठून रिसीव्हर उचलला, तो नीट बाजूला आडवा ठेवला, आणि आईच्या गळ्यातला हेडसेट वर सरकवून कानावर बसवला.

"बोल," ती म्हणाली.